क्रूझवरचं जेवणाचं पॅकेज: घ्यायचं की नाही?

“तिकिटात जेवण आहे म्हणाले होते, मग हे जेवणाचं वेगळं पॅकेज कशाचं?” क्रूझला निघालेल्या जवळपास प्रत्येक घरातून हा प्रश्न येतो. तिकीट काढून झालेलं असतं, व्हिसाची धावपळ चालू असते आणि तेवढ्यात क्रूझ कंपनीची मेल येऊन थडकते: स्पेशालिटी डायनिंगवर आजच सवलत, उद्यापासून भाव वाढणार! घेतलं नाही तर काहीतरी हुकेल असं वाटतं, आणि घेतलं तर नेमकं काय घेतलं ते कळत नाही. सिंगापूरहून तीन-चार रात्रींच्या क्रूझवर जाणारे असोत, अमेरिकेत मुलाकडे गेल्यावर त्याच्याबरोबर अलास्का किंवा कॅरिबियन गाठणारे आई-बाबा असोत, घोळ सगळ्यांचा सारखाच असतो.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. जहाजावर कुणी उपाशी राहत नाही. तुमचं तिन्ही त्रिकाळचं जेवण तिकिटात येऊन गेलेलं आहे. पॅकेजचे पैसे जातात ते रोजची जागा सोडून दुसरीकडे जेवायला बसण्याचे. म्हणून हिशोब पदार्थांचा करू नका, संध्याकाळींचा करा. सहलीतल्या किती संध्याकाळी तुम्हाला खरोखर वेगळ्या ठिकाणी जेवायचं आहे, एवढं ठरलं की बाकीचा निर्णय सोपा होतो.

तिकिटात काय येतं, काय येत नाही

बहुतेक मोठ्या जहाजांवर जेवणाची विभागणी साधारण अशी असते:

- मेन डायनिंग रूम: टेबलावर वेटर वाढतो, स्टार्टर, मुख्य पदार्थ आणि गोड असं रीतसर जेवण असतं, मेनू रोज बदलतो. तिकिटात समाविष्ट.
- बफे: सकाळ, दुपार, रात्र. आपल्या हाताने घ्या, हवं तेवढं घ्या. समाविष्ट.
- पिझ्झा, सँडविच, कॅफेचे काउंटर: बरेचसे समाविष्ट, काही पैसे घेणारे. पाटी वाचा.
- स्पेशालिटी रेस्टॉरंट: स्टेकहाउस, इटालियन, जपानी, फ्रेंच अशी छोटी, वेगळ्या सजावटीची ठिकाणं. यांचे पैसे वेगळे. रॉयल कॅरिबियनवरची चॉप्स ग्रिल, जोवानीज आणि इझुमी, नॉर्वेजियनवरची कॅग्नीज, ल बिस्त्रो आणि तेप्पानयाकी, प्रिन्सेसवरची क्राउन ग्रिल आणि सबातिनीज ही त्यातली ओळखीची नावं.

ही पद्धत नवी नाही. १९१२ साली टायटॅनिकवरसुद्धा पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी पैसे मोजून जेवायचं वेगळं आ ला कार्ट रेस्टॉरंट होतं.

मात्र सगळ्या कंपन्या वेगळे पैसे घेत नाहीत. फक्त प्रौढांसाठी असलेल्या व्हर्जिन व्हॉयेजेसच्या जहाजांवर सगळी रेस्टॉरंट तिकिटातच येतात. ओशिआनियावरही स्पेशालिटी रेस्टॉरंटचे पैसे वेगळे मोजावे लागत नाहीत. मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’वर स्टारलाइट रेस्टॉरंट आणि फूड कोर्ट भाड्यात धरलेले असतात, चॉपस्टिक्स हे आशियाई पदार्थांचं रेस्टॉरंट वेगळ्या पैशांचं. म्हणून पॅकेजच्या पानाकडे वळण्याआधी आपल्या जहाजावर कुठली ठिकाणं समाविष्ट आहेत, त्याची यादी कंपनीच्या अ‍ॅपवर बघा. जहाजाचं नाव घालून बघा, कारण एकाच कंपनीच्या दोन जहाजांवर रेस्टॉरंट वेगवेगळी असतात.

पैसे घेण्याच्या दोन तऱ्हा

निम्मा गोंधळ इथेच होतो.

कव्हर चार्ज. माणशी एक रक्कम भरायची आणि मेनूतलं स्टार्टर, मुख्य पदार्थ, गोड मागवायचं. आपल्याकडच्या थाळीसारखं समजा. फरक इतकाच, की मेनूतल्या काही महागड्या पदार्थांपुढे छोट्या अक्षरांत जादा किंमत छापलेली असते. मोठा लॉबस्टर किंवा खास मुरवलेला स्टेक यांचे पैसे कव्हर चार्ज भरल्यावरही वेगळे लागतात, आणि पॅकेज असलं तरी लागतात.

आ ला कार्ट. प्रत्येक पदार्थाची वेगळी किंमत. सुशीची ठिकाणं आणि काही इटालियन रेस्टॉरंट अशी चालतात. इथे पॅकेज वापरलं, तर एका ठरावीक रकमेपर्यंतचं बिल पॅकेजमध्ये धरतात आणि वरचे पैसे तुमच्याकडून घेतात. नॉर्वेजियनवर पॅकेजचं एक जेवण म्हणजे एक स्टार्टर, एक सूप किंवा सॅलड, एक मुख्य पदार्थ आणि एक गोड. दुसरं गोड मागवलं तर त्याचे पैसे वेगळे.

“पॅकेज आहे ना, मग बिल कसं आलं?” ही तक्रार बहुतेक वेळा या दोन तऱ्हांची सरमिसळ झाल्यामुळे होते. टेबलावर बसल्याबरोबर वेटरला विचारा: पॅकेजमध्ये यातलं काय येतं? त्याला हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतंच. संकोच नको.

पॅकेजचे चार प्रकार

1. सुटं आगाऊ आरक्षण. एका रेस्टॉरंटचं एका रात्रीचं. घरी बसून केलं तर जहाजावरच्या भावापेक्षा अनेकदा स्वस्त पडतं.
2. ठरावीक रात्रींचं पॅकेज. तीन रात्रींचं सगळ्यात जास्त खपतं. काही कंपन्या यात ‘एक रात्र स्टेकहाउस आणि एक दुसरीकडे’ अशी जोडीही देतात.
3. अमर्यादित पॅकेज. रोज रात्री हवं तिथे जेवा, आणि जहाज दिवसभर समुद्रात असेल त्या दिवशी काही ठिकाणी दुपारचंही. पण ‘अमर्यादित’ शब्दाला मर्यादा आहेत. शेफ्स टेबलसारखी खास जेवणं सहसा यातून वगळलेली असतात, आणि सुशीच्या ठिकाणी वर सांगितलेली रकमेची अट लागू होते.
4. भाड्याबरोबर आलेलं पॅकेज. नॉर्वेजियनची ‘फ्री अ‍ॅट सी’ किंवा प्रिन्सेसची ‘प्लस’ आणि ‘प्रीमियर’ ही याची उदाहरणं. यात पेयं, वायफाय आणि काही जेवणं एकत्र बांधलेली असतात. किती जेवणं मिळणार, हे अनेकदा क्रूझच्या दिवसांवर ठरतं. ‘फ्री’ शब्दाला भुलू नका. अशा फुकट जेवणावरची ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेची टीप, काही योजनांत तुमच्याच खात्यावर पडते.

हिशोब असा करा

भाव जहाजागणिक, हंगामागणिक आणि कधी कधी आठवड्यागणिक बदलतात. म्हणून आकडे पाठ करण्यापेक्षा रीत लक्षात ठेवा. उदाहरणादाखल सोपे आकडे घेऊ. समजा सात रात्रींची क्रूझ आहे, स्पेशालिटी रेस्टॉरंटचा सरासरी कव्हर चार्ज माणशी ५० डॉलर आहे आणि त्यावर १८ टक्के ग्रॅच्युइटी आहे.

- सुटं जेवण: ५० अधिक ९, म्हणजे ५९ डॉलर.
- तीन रात्रींचं पॅकेज, समजा १२६ डॉलरला: ग्रॅच्युइटी धरून १४८.६८. एक जेवण पडलं ४९.५६ डॉलरला.
- अमर्यादित पॅकेज, समजा २७० डॉलरला: ग्रॅच्युइटी धरून ३१८.६०.

तीन सुट्या जेवणांचे १७७ डॉलर झाले असते, म्हणजे तीन रात्रींच्या पॅकेजमध्ये माणशी २८ डॉलर वाचले. छान! पण तीनऐवजी दोनच रात्री गेलात तर? दोन सुट्या जेवणांना ११८ डॉलर लागले असते, तुम्ही भरले १४८.६८. म्हणजे माणशी जवळपास ३१ डॉलर अंगावर आले. एका चुकलेल्या रात्रीने सगळी बचत तर खाल्लीच, वर हे ३१ डॉलरही नेले.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या पहिल्या क्रूझवर आम्ही दोघांसाठी तीन रात्रींचं पॅकेज घेतलं. दोन रात्री मजेत गेल्या. तिसरं आरक्षण नेमकं त्या दिवशीचं होतं, ज्या दिवशी आम्ही बंदरावर आठ तास पायपीट करून परतलो. साडेआठला तयार होऊन खाली जाण्याऐवजी आम्ही केबिनमध्ये घरून नेलेला चिवडा खाल्ला आणि झोपलो. पैसे परत मिळाले नाहीत, आणि नियमाप्रमाणे ते मिळणारही नव्हते.

अमर्यादित पॅकेजचं गणित आणखी कडक आहे. वरच्या आकड्यांत ३१८.६० ला ५९ ने भागलं तर उत्तर येतं ५.४. म्हणजे सहावं जेवण जेवाल तेव्हा कुठे फायदा सुरू होईल. सात रात्रींत सहा वेळा! समुद्रातल्या दिवसांची दुपारची जेवणं धरली तर ते जमतं, पण मग मेन डायनिंग रूमचं तोंडही दिसत नाही, आणि तिथल्या जेवणाचे पैसे तर तुम्ही तिकिटात भरलेले आहेत.

रुपयांचा हिशोब विसरू नका. अनेक मोठ्या कंपन्यांचं जहाजावरचं बिल अमेरिकी डॉलरमध्ये निघतं, युरोपातल्या काही जहाजांवर युरोत. भारतीय क्रेडिट कार्डावर परकी चलनासाठी साधारण दोन ते साडेतीन टक्के आकार आणि त्यावर जीएसटी लागतो. फॉरेक्स कार्ड देत असाल तर जहाज त्यातली काही रक्कम आगाऊ अडकवून ठेवतं आणि ती मोकळी व्हायला सहलीनंतर काही दिवस जातात. पुढच्या मुक्कामाच्या खर्चाचे पैसे त्याच कार्डात असतील तर पंचाईत होते.

ग्रॅच्युइटी दोनदा का लागते?

कारण ती दोन वेगळ्या कामांची असते. पहिली रोजची, माणशी, केबिन आणि मेन डायनिंग रूमच्या कर्मचाऱ्यांसाठी. दुसरी स्पेशालिटी रेस्टॉरंटच्या किंवा पॅकेजच्या रकमेवर, कंपनीप्रमाणे साधारण १८ ते २० टक्के. रोजची भरली म्हणून दुसरी माफ होत नाही. पॅकेजची जाहिरात वाचताना छापील किंमत ग्रॅच्युइटीसह आहे की शिवाय, हे आधी बघा.

“आपल्याकडे हॉटेलला सेवाशुल्क सक्तीने घेता येत नाही ना?” असंही वाचक विचारतात. ४ जुलै २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना भारतातल्या हॉटेल-रेस्टॉरंटांसाठी आहेत. परदेशी बंदरातून निघालेल्या परदेशी कंपनीच्या जहाजावर त्या दाखवून उपयोग नाही. पॅकेजवरची ग्रॅच्युइटी ही किमतीचाच भाग समजा.

शाकाहारी, जैन, अंडं न खाणारे: आधी हे वाचा

मराठी घरातून निघालेल्या गटात निदान दोन माणसं तरी मांसाहार न करणारी असतातच. त्यांच्यासाठी पॅकेजचा हिशोब वेगळा होतो.

अलास्काच्या क्रूझवर एका स्टेकहाउसमध्ये माझ्या सासूबाईंनी फ्रेंच अनियन सूप निवडलं. कांद्याचं सूप, वर चीज लावलेला पाव, यात शंका घेण्यासारखं काय आहे? वेटर गोव्याचा होता. त्याने वाकून हळूच कोकणी वळणाच्या मराठीत सांगितलं, “आई, ते बीफच्या पाण्यात शिजतं.” सासूबाईंनी मेनू मिटला आणि भाजलेला बटाटा, मशरूम, शतावरी यांवर जेवण उरकलं. बिल मात्र शेजारी स्टेक खाणाऱ्याइतकंच लागलं, कारण कव्हर चार्ज माणशी असतो. ताटात काय आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

या जागा ध्यानात ठेवा:

- सूप: भाज्यांचं दिसलं तरी बीफ किंवा चिकनच्या स्टॉकमध्ये असू शकतं.
- सीझर सॅलड: ड्रेसिंगमध्ये बहुतेक वेळा अँकोव्ही मासे असतात.
- ताजा पास्ता: पिठात अंडं घातलेलं असतं. सुका पास्ता सहसा बिनअंड्याचा.
- परमेजान चीज: पारंपरिक पद्धतीत वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात.
- पन्ना कोटा, मूस: जिलेटिनची शक्यता.
- आशियाई पदार्थ: फिश सॉस, ऑइस्टर सॉस.
- तेप्पानयाकी: तुमच्या भाज्या आणि शेजाऱ्याची कोळंबी एकाच तव्यावर.

नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. अनेक देशांत या शब्दात अंडं बसतं आणि काही ठिकाणी मासेही खपून जातात. सरळ सांगा: नो मीट, नो फिश, नो एग, नो मीट स्टॉक. जैन जेवण हवं असेल तर कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंदमुळं चालत नाहीत, हे क्रूझच्या कित्येक दिवस आधी कंपनीला लेखी कळवा आणि जहाजावर चढल्यावर पुन्हा सांगा.

आता गंमत अशी, की शाकाहारी माणसाची उत्तम सोय बऱ्याचदा मेन डायनिंग रूममध्येच होते. अनेक जहाजांवर तिथल्या मेनूत भारतीय शाकाहारी पदार्थ असतो. पहिल्याच रात्री हेड वेटरला भेटून “रोज भारतीय शाकाहारी हवं” असं सांगितलं तर दुसऱ्या दिवसापासून डाळ, भाजी, रोटी यायला लागते. जहाजांच्या स्वयंपाकघरांत भारतीय आचारी आणि वेटर भरपूर असतात, त्यांत गोव्याचे आणि कोकणातलेही. स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये मात्र स्वयंपाकघर छोटं आणि मेनू ठरलेला असतो, तिथे ही लवचिकता कमी. म्हणून शाकाहारी असाल तर पॅकेज टाळा आणि हौस म्हणून एखादी रात्र इटालियनचं सुटं आरक्षण करा.

एकत्र कुटुंब असेल तर

- पेयांच्या पॅकेजला अनेक कंपन्यांत केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी घ्यायची सक्ती असते. जेवणाच्या पॅकेजला सहसा तशी अट नसते. दोघांपैकी एकालाच हवं असेल तर एकट्याचं घेता येतं का, ते विचारा.
- एकाचं पॅकेज घेऊन दोघांनी वाटून खाणं चालत नाही. टेबलावर जो जेवायला बसेल त्याचे पैसे लागतात.
- लहान मुलांना अनेक ठिकाणी कमी दर असतो, अगदी छोट्यांना काही ठिकाणी मोफत. मोठ्यांच्या दराने मुलांचं पॅकेज घेण्याआधी हे बघा.
- काही रेस्टॉरंट फक्त प्रौढांसाठी असतात. डिस्नेच्या जहाजांवरचं पालो हे १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. नातवंडं बरोबर असतील तर त्यांना कोण सांभाळणार ते आधी ठरवा.
- स्पेशालिटी रेस्टॉरंटचं जेवण दीड-दोन तास चालतं. आठला जेवून साडेनऊला झोपणाऱ्या आजी-आजोबांना ते शिक्षेसारखं वाटू शकतं. त्यांच्यासाठी पहिली, साडेपाच-सहाची वेळ मागा.

तीन पिढ्या एकत्र निघाल्या असतील आणि पॅकेज चौघांनीच घेतलं असेल, तर रोज रात्री कुटुंब दोन टेबलांवर फुटतं. सहल कशासाठी काढली होती, ते आठवा. वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस अशी एक रात्र ठरवून सगळ्यांनी मिळून जाणं पैशाने आणि मनाने दोन्हीकडून परवडतं.

टूर कंपनीबरोबर जात असाल तर

गटाच्या सहलीत रात्रीच्या जेवणाची वेळ आणि टेबल आधीच ठरलेलं असतं. काही कंपन्या गटासाठी भारतीय जेवणाची खास व्यवस्थाही करतात. अशा वेळी परस्पर पॅकेज घेतलंत तर तुम्ही स्टेकहाउसमध्ये आणि गट भारतीय जेवणाच्या टेबलावर, असं होतं. पैसे भरण्याआधी कंपनीला हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं मेलवर घ्या:

1. आमच्या भाड्यात जहाजावरची कुठली जेवणं आहेत?
2. रोजची ग्रॅच्युइटी धरलेली आहे का?
3. स्पेशालिटी पॅकेज तुम्ही देता की आम्ही थेट क्रूझ कंपनीकडून घ्यायचं?
4. ते रद्द केलं तर पैसे कोण परत करणार, आणि किती दिवसांत?

तीन-चार रात्रींच्या क्रूझवर तर पॅकेजची गरजच भासत नाही. एक रात्र चढण्याच्या गडबडीत जाते, शेवटची सामान बांधण्यात. मधल्या दोन रात्रींत मेन डायनिंग रूम आणि बफे हेही पुरतं बघून होत नाही.

घ्यायचं ठरलं, तर या क्रमाने

1. आधी दिनक्रम काढा. कुठल्या दिवशी बंदर, कुठल्या दिवशी दिवसभर समुद्र, जहाज बंदरातून किती वाजता सुटणार, ते कागदावर मांडा.
2. फुल्या मारा. उशिरा परतण्याचे दिवस, शेवटची रात्र आणि फॉर्मल नाइट (ठेवणीतले कपडे घालून जेवायला जायची रात्र) वगळा. लांबच्या क्रूझवर फॉर्मल नाइटला मेन डायनिंग रूममध्ये सहसा सगळ्यात चांगला मेनू असतो. मासे-मटण खाणाऱ्यांनी ती रात्र दुसरीकडे घालवू नये.
3. करमणुकीचे कार्यक्रम बघा. मोठा शो नऊला असेल तर साडेसातचं आरक्षण घेऊन धावपळ करू नका.
4. उरलेल्या संध्याकाळी मोजा. एक-दोन असतील तर सुटी आरक्षणं, तीन असतील तर तीनचं पॅकेज.
5. घरूनच घ्या, पण भावावर नजर ठेवा. काही कंपन्या जहाज सुटण्याआधी आगाऊ खरेदी रद्द करून पैसे परत देतात. भाव उतरला तर जुनं रद्द करून नवीन घ्या. मात्र आधी रद्द करण्याची मुदत वाचा.
6. जहाजावर चढलात की लगेच वेळा पक्क्या करा. पॅकेज घेतलं म्हणजे टेबल मिळालं, असं होत नाही. बऱ्याच पॅकेजमध्ये तारीख-वेळ जहाजावर ठरवावी लागते, आणि साडेसातची टेबलं पहिल्या दुपारीच भरतात. गेस्ट सर्व्हिसेसच्या लांब रांगेत उभं राहण्यापेक्षा थेट एखाद्या स्पेशालिटी रेस्टॉरंटच्या दारात जा. बहुतेक ठिकाणी तिथे सगळ्या रेस्टॉरंटांचं आरक्षण करून देतात.
7. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. फोन बंदराची वेळ दाखवतो, जहाज आपल्या वेळेने चालतं. आरक्षणं यामुळेही हुकतात.
8. कपडे बघा. अर्धी चड्डी, बनियन आणि पोहण्याचे कपडे संध्याकाळी चालत नाहीत. साडी किंवा कुर्ता कुठेही शोभतो.

रद्द झालं, फसलं, जादा बिल आलं: तुमचे हक्क

- स्वतःहून रद्द करायचं असेल तर मुदत पाळा. कुठे काही तास आधी, कुठे २४ तास आधी कळवावं लागतं. न कळवता गैरहजर राहिलात तर दंड लागतो किंवा पॅकेजमधलं ते जेवण वापरलं असं धरतात.
- रेस्टॉरंट जहाजानेच बंद ठेवलं, किंवा पॅकेज विकूनही टेबल दिलं नाही, तर पर्यायी वेळ किंवा न वापरलेल्या जेवणाचे पैसे मागा. मागताना ‘सवलत द्या’ म्हणू नका, ‘विकलेली सेवा मिळाली नाही’ असं सांगा.
- बिल रोज तपासा. कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर खातं दिसतं. जादा नोंद सापडली तर पावती घेऊन त्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसकडे जा. शेवटच्या सकाळी तिथे रांग लागते, आणि जहाजातून उतरल्यावर बोलणी फक्त मेलवर होतात.
- लेखी ठेवा. कुणी तोंडी ‘करून देतो’ म्हटलं तर तारीख, वेळ लिहून घ्या, स्क्रीनचे फोटो काढा.
- कार्डाची बँक चुकीच्या रकमेवर वाद नोंदवून घेते. सहलीहून आल्यावर उशीर करू नका.

पॅकेज किंवा सहल भारतातल्या टूर कंपनीकडून घेतली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर आधी तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

थेट परदेशी कंपनीकडून घेतलं असेल तर तिच्या प्रवासकरारात दावा कुठल्या शहरात चालेल, ते छापलेलं असतं. अमेरिकी कंपन्यांच्या बाबतीत ते अनेकदा फ्लोरिडात असतं, आणि १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्निव्हलच्या तिकिटावरची अशी अट वैध ठरवली आहे. साठ डॉलरच्या जेवणासाठी फ्लोरिडा कोण गाठणार? म्हणून अशा पैशांचं भांडण जहाजावर असतानाच मिटवा.

कुणी घ्यावं, कुणी नको

घ्या, जर क्रूझ सात रात्रींची किंवा त्याहून लांब असेल, तुम्ही मांसाहार करता, दोघंच किंवा मित्रमंडळी आहात, आणि तीन-चार संध्याकाळी खरंच मोकळ्या आहेत. अमर्यादित पॅकेज फक्त त्यांनीच घ्यावं, ज्यांना समुद्रात दोन-तीन दिवस आहेत आणि जेवणं हाच सहलीचा मुख्य कार्यक्रम आहे.

घेऊ नका, जर क्रूझ तीन-चार रात्रींची असेल, घरात शाकाहारी जास्त असतील, बरोबर लहान मुलं किंवा लवकर जेवणारी वडीलधारी मंडळी असतील, किंवा गटाबरोबर जेवणं ठरलेली असतील.

मनाचा निर्णय होत नसेल तर पहिल्या रात्री मेन डायनिंग रूममध्ये जेवा. तिकिटात भरलेलं आधी चाखून बघा. तिथेच समाधान झालं, आणि बऱ्याच जणांचं होतं, तर प्रश्न मिटला. नाही झालं तर दुसऱ्या सकाळी सुटं आरक्षण करा. थोडे जास्त पैसे लागतील, पण न वापरलेल्या पॅकेजपेक्षा ते कमीच असतील.